हातचा, हशील आणि पितळी अंगठ्या

एका शिक्षिकेचा प्रश्न असा: ‘सातवीच्या मुलांना आकडेमोडीच्या यंत्रांचा इतिहास सांगायचा आहे. पास्कलच्या यंत्राला मराठीत संगणक म्हणावं, गणकयंत्र म्हणावं की परिगणक? आणि बेरजेतल्या ‘कॅरी’ला नेमका शब्द कोणता? एका पुस्तकात मी ‘वहन अंक’ असं वाचलं.’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. सतराव्या शतकातला फ्रेंच गणितज्ञ पास्कल याचं यंत्र संगणक नाही. ‘जगातला पहिला संगणक पास्कलने 1642 साली बनवला’ हे वाक्य सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांपासून विज्ञानदिनाच्या भाषणांपर्यंत सगळीकडे ऐकून माझे कान किटले आहेत. एकाच वाक्यात दोन चुका आहेत. ते यंत्र संगणक नव्हतं आणि पहिलंही नव्हतं. संगणकाला कामांचा क्रम आधी ठरवून देता येतो. पास्कलच्या पेटीला बेरीज येत होती, आणि तीही तुम्ही चाक फिरवाल तेवढीच. तिला ‘बेरजेचं यंत्र’ म्हणा. मुलांना कळेल आणि खरंही असेल.

आता ‘वहन अंक’. हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. ज्या भाषेत ‘हातचा’ हा शब्द आहे, त्या भाषेत कुणाला ‘वहन अंक’ घडवावासा वाटतोच कसा? ‘आठ आणि सात पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक.’ पहिली-दुसरीत हे म्हणत आपण मोठे झालो. बोलताना त आणि च जुळून त्याचा ‘हाच्चा’ होतो, म्हणून काहींना तो गावंढळ वाटत असावा. उलट, या एका गोष्टीसाठी निरनिराळ्या भाषांनी जे शब्द केले त्यांत आपला सगळ्यांत नेमका आहे, आणि यंत्रांच्या इतिहासाची किल्लीही त्यातच आहे.

इंग्रजीत हा अंक ‘वाहून नेतात’, ‘वहन’ तिथूनच उचललं आहे. फ्रेंचमध्ये तो ‘राखलेला’ असतो, त्यांचा शब्द ‘रतन्यू’. जर्मन मुलं म्हणतात ‘एक मनात’. हिंदीत तो ‘हासिल’, म्हणजे मिळालेला. हा अरबी शब्द आपल्याकडेही आला, पण गणितात शिरला नाही. तो आधी जकात-महसुलाच्या भाषेत ‘हशील’ होऊन बसला आणि आता ‘नुसतं बोलून काय हशील?’ एवढ्यापुरता उरला आहे. एका व्याख्यानात मी असंही ऐकलं की ‘हातचा’ हा ‘हासिलचा’ याचाच अपभ्रंश आहे. हे अजिबात पटण्यासारखं नाही. स चा त का झाला आणि ल कुठे गेला, याचं उत्तर वक्त्यांकडे नव्हतं. शिवाय त्याच शब्दाचं ‘हशील’ हे सरळ रूप भाषेत नांदत असताना हे दुसरं, ओळखू न येणारं रूप कशाला जन्माला येईल?

‘हातचा’ म्हणजे हाताचा, हातावर ठेवलेला. पाटीवर पाच लिहिला, एक कुठे ठेवायचा? आपल्याकडच्या अंकगणिताचं संस्कृत नावच पाटीगणित, आणि दुसरं नाव धूलिकर्म, म्हणजे धुळीवर केलेलं काम. धूळपाटीवर जागा थोडी आणि जुने आकडे पुसत पुढे जायचं, तेव्हा वरच्या अंगाला बारीक आकडा लिहून ठेवण्याची चैन नव्हती. तो बोटावर ठेवायचा. माझे आजोबा दुकानाची वही मांडताना डाव्या हाताचा अंगठा बोटाच्या पेरावर टेकवून ठेवत. एकचा हातचा असेल तर करंगळीचं पहिलं पेर, दोनचा असेल तर दुसरं. पुढच्या घराची बेरीज झाली की तो मिळवायचा आणि अंगठा उचलायचा. शब्दाचा सगळा अर्थ त्या अंगठ्याखाली होता.

आणि तो हातचा दरवेळी दहाचाच असे असं नाही. बारा पैंना हातचा एक आणा, सोळा आण्यांना हातचा एक रुपया. 1957 साली दशमान नाणी आली तोवर प्रत्येक वाणी आणि प्रत्येक कारकून एकाच बेरजेत तीन तऱ्हांचे हातचे सांभाळत होता.

इथे माझं एक मत सांगतो, त्याला थोडी जास्त जागा लागेल. ‘हातचा राखून शिकवणं’, ‘हातचा न राखता काम करणं’ हा वाक्प्रचार या गणिती हातच्यातूनच आला आहे. यावर मला दोन आक्षेप ऐकवले जातात. पहिला असा की हातचं म्हणजे जे हातात आहे ते, ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी’ या म्हणीतल्यासारखं. मग ‘हातचा न राखता’ हे पुल्लिंग कुठून आलं? मोघम वस्तूला आपण नपुंसकलिंग लावतो, म्हणीत तेच लावलं आहे. पुल्लिंग आलं ते मागे ‘अंक’ किंवा ‘आकडा’ दडलेला आहे म्हणून. दुसरा आक्षेप पत्तेवाल्यांचा: हुकूम हातात राखून खेळतात, तिथून हा प्रयोग आला. तेही जमत नाही, कारण मराठीत पत्त्यांचं ‘पान’ असतं. पान टाकतात, पान उचलतात, हुकमाचं पान राखतात. म्हणजे पुन्हा नपुंसकलिंगच. पुल्लिंगाचा उलगडा फक्त गणित करतं. आणि अर्थही चपखल बसतो. बेरीज करणारा हातचा राखतो तो पुढच्या घरात मिळवण्यासाठी. हातचा राखून शिकवणारा मास्तर तो मिळवतच नाही, म्हणून शिष्याचं उत्तर कायम थोडं कमी येतं.

हे लक्षात ठेवून आता यंत्रांकडे बघा. जर्मनीत ट्यूबिंगनला विल्हेल्म शिकार्ड हा हिब्रूचा प्राध्यापक होता. 20 सप्टेंबर 1623 रोजी त्याने खगोलशास्त्रज्ञ केप्लरला पत्र लिहून कळवलं की तुम्ही जे गणिताने करता ते मी यंत्राने करून पाहिलं आहे. पास्कल तेव्हा तीन महिन्यांचा होता. शिकार्डच्या यंत्राच्या वरच्या भागात गुणाकारासाठी स्कॉटिश गणितज्ञ नेपियरचे पाढे उभ्या नळ्यांवर गुंडाळलेले होते आणि खाली बेरजेची सहा चाकं होती. चाक नवावरून शून्यावर आलं की एक दात पुढच्या चाकाला एक घर ढकलायचा. हातचा आपोआप डावीकडे सरकताना बघून तुम्हाला हसू फुटेल, असं त्याने केप्लरला कळवलं. आनंद कशाचा, तर नेमका हातच्याचा.

पण सहाव्या चाकाच्या पलीकडे चाक नव्हतं. तिथला हातचा कुठे जाणार? त्यासाठी शिकार्डने एक घंटा ठेवली आणि पितळेच्या अंगठ्या दिल्या. घंटा वाजली की एक अंगठी बोटात घालायची, पुन्हा वाजली की दुसऱ्या बोटात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून किती तरी वेळ तसाच बसलो होतो. बेरजेच्या पहिल्या यंत्रालाही शेवटी हातचा हातावरच ठेवावा लागला! जर्मन भाषा म्हणत होती ‘मनात’, आणि तो जर्मन प्राध्यापक मात्र माझ्या आजोबांसारखं बोटावर ठेवत होता.

केप्लरसाठी घडवलं जात असलेलं यंत्र कारागिराकडे लागलेल्या आगीत जळालं, तसं शिकार्डने 25 फेब्रुवारी 1624 च्या पत्रात कळवलं. 1635 साली तो प्लेगने गेला आणि ही हकिगत तीनशेहून अधिक वर्षं कागदांत पडून राहिली. 1957 साली ती पुन्हा उजेडात आली, त्यातल्या आकृत्यांवरून 1960 साली ट्यूबिंगनलाच यंत्राची प्रतिकृती उभी राहिली. म्हणजे पास्कलला ‘पहिला’ म्हणणाऱ्यांची चूक दुरुस्त होऊनही कैक दशकं लोटली. पुस्तिका छापणारे अजून जुन्याच पानावर आहेत.

पास्कलला कमी लेखायचं म्हणून हे सांगत नाही. हातच्याचा खरा प्रश्न त्यानेच ओळखला. त्याचे वडील एत्येन फ्रान्समधल्या रूआँ शहरात करवसुलीच्या कामावर होते. फ्रेंच हिशेब आपल्यासारखाच विषम: बारा दन्येंचा एक सोल, वीस सोलचा एक लिव्र. रात्र-रात्र त्या बेरजा चालत. मुलाने 1642 साली, एकोणिसाव्या वर्षी, यंत्राला हात घातला आणि पन्नासाहून अधिक नमुने करून पाहिले. उजवीकडच्या शेवटच्या चाकाला बारा घरं, त्याशेजारच्याला वीस आणि पुढच्या चाकांना दहा-दहा, अशी त्याची हिशेबाची यंत्रं आजही बघायला मिळतात. आमच्या वाण्याला पै-आण्यासाठी हवं होतं तेच. 1645 साली यंत्राची माहिती देणारं पत्रक त्याने छापलं. लेखणीने बेरीज करताना क्षणोक्षणी आकडे राखावे किंवा उसने घ्यावे लागतात, त्या राखण्या-उसन्यांत किती चुका घुसतात आणि डोकं किती शिणतं, याची त्यात तक्रार आहे. त्याचं ‘राखणं’ म्हणजे आपला हातचा, आणि ‘उसना’ तर वजाबाकीत आपण शब्दशः तसाच घेतो. यंत्र कशासाठी केलं हे त्याने इतक्या स्वच्छ शब्दांत लिहून ठेवलं आहे, तरी आपण मुलांना ‘संगणकाचा जनक’ एवढंच पाठ करायला लावतो.

शिकार्डच्या एका दाताच्या युक्तीत अडचण अशी की 999999 मध्ये 1 मिळवला तर सगळी चाकं एकदम फिरवावी लागतात, आणि तो सगळा जोर पहिल्या चाकावरच्या बोटाला द्यावा लागतो. पास्कलने प्रत्येक दोन चाकांच्या मध्ये वजन असलेली तरफ बसवली. तिचं नाव ‘सोत्वार’, ‘उडी मारणं’ या अर्थाच्या क्रियापदाची आठवण करून देणारं. चाक नवाकडे जाता जाता ही तरफ हळूहळू उचलली जाते. नवाचा शून्य झाला की ती सुटून खाली पडते आणि तिच्या टोकाचा आकडा पुढच्या चाकाला एक घर सरकवतो. सरकवण्याचा जोर बोटाचा नाही, तरफेच्या वजनाचा. हातचा पहिल्यांदा हाताच्या जोरावाचून पुढे गेला तो इथे. (आणि मराठीत आकडा म्हणजे अंकही आणि हूकही. तारेवर आकडा टाकून वीज चोरतात तो, आणि वहीत मांडतात तोही. संस्कृत ‘अङ्क’ शब्दालाही दोन्ही अर्थ आहेत. पण ती वेगळी चर्चा आहे.) या रचनेमुळे चाकं उलटी फिरवता येत नाहीत, म्हणून वजाबाकी नवाच्या पूरक अंकांनी (म्हणजे नवातून प्रत्येक अंक वजा करून उरणाऱ्या अंकांनी), बेरजेच्याच वाटेने करायची.

जर्मन गणितज्ञ लाइब्निझने 1673 साली लंडनच्या रॉयल सोसायटीत आपलं यंत्र दाखवलं. कमी-अधिक लांबीच्या दातांच्या त्याच्या दंडगोलामुळे गुणाकार सोपा झाला, पण हातच्याने त्यालाही छळलं. एकामागोमाग एक हातचे आले की त्याचं यंत्र अडायचं. कुठला हातचा अडला आहे ते पंचकोनी चकतीचं टोक वर आलेलं बघून ओळखायचं आणि ती चकती हाताने ढकलायची! एवढ्या मोठ्या गणितज्ञाच्या यंत्रातही हातचा पुन्हा हाताकडेच आला. पुढच्या शतकांतली यंत्रं भराभर सांगतो: तोमा द कोल्मारने 1820 साली अरिथ्मोमीटरचं पेटंट घेतलं, अमेरिकेत फेल्टने 1887 साली कळा दाबून चालणाऱ्या कॉम्प्टोमीटरचं. यंत्र खोलणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी आधी एकच जागा बघावी: हातचा कसा नेला आहे?

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज गणितज्ञ बॅबेज याने तर यावर वर्षं घालवली. हातचे एकामागून एक नेत बसलं तर लांबलचक संख्यांना फार वेळ लागतो, म्हणून त्याने ॲनॅलिटिकल इंजिन या आपल्या नियोजित यंत्रासाठी सगळे हातचे आधीच ओळखून एकदम पुढे टाकणारी रचना आखली. यंत्राला पुढचं बघायला शिकवल्याखेरीज गत्यंतर नव्हतं, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे. शिक्षिकाबाई, ‘संगणक’ हा शब्द तुम्ही पहिल्यांदा काढायचा तो या यंत्रापाशी, कारण छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून कामांचा क्रम घेण्याची त्यात योजना होती. ते पुरं बांधलं गेलं नाही, पण कल्पना संगणकाचीच होती.

राहिला ‘गणकयंत्र’. शब्द चांगला आहे, पण समास सोडवून वापरा. गणक म्हणजे मुळात ग्रहगणित करणारा ज्योतिषी. आधुनिक लेखक ‘गणक असं यंत्र’ असा कर्मधारय मनात धरतात. मला मात्र षष्ठी तत्पुरुष आवडतो: गणकाचं यंत्र. शिकार्डचं यंत्र खरोखरच तसं होतं, ते केप्लरसाठी घडत होतं, आणि केप्लर ग्रहांची कोष्टकं करत होता, पत्रिकाही मांडत होता. तेव्हा शिकार्डच्या यंत्राला खुशाल गणकयंत्र म्हणा. खिशातल्या यंत्राला कॅल्क्युलेटरच म्हणा, लॅटिनमधल्या ‘खडा’ या अर्थाच्या शब्दापासून आलेला तो शब्द आता आपला झाला आहे. ‘परिगणक’ मात्र नको. परिगणना म्हणजे यादीत धरणं, आणि पास्कलची पेटी कसलीही यादी करत नव्हती.