सभागृह सहाशेंचे, खुर्च्या तीनशे साठ

वाचकांचे प्रश्न : परिषदा, मेळावे आणि हॉटेले

प्रश्न : आमच्या संघटनेची दोन दिवसांची कार्यशाळा नाशिकच्या एका नव्या हॉटेलात घ्यायची आहे. माणसे ३५०, सगळ्यांसमोर टेबल हवे. हॉटेलच्या पत्रकात ‘६,००० चौरस फूट, ६०० आसने’ असे छापले आहे. मग काळजीचे कारण नाही ना?

आहे. ३५० माणसे टेबलांसकट त्या दालनात मावणार नाहीत.

पत्रकातला ६०० हा आकडा म्हणजे क्षेत्रफळ भागिले दहा. नुसत्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या (‘थिएटर’ मांडणी) तर माणशी साधारण १० चौरस फूट लागतात. मोठ्या ठिकाणीही हेच गणित असते. मुंबईतल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरची बॉलरूम सुमारे ३२ हजार चौरस फुटांची आणि तिची क्षमता ३,२०० सांगतात. आकडा खोटा नसतो, पण तो रिकाम्या दालनाचा असतो.

आता तुमचे दालन १०० बाय ६० फूट धरा. मंच पुढून मागे १६ फूट, मागे तारा आणि माणूस जाण्यापुरते ४ फूट, मंच आणि पहिल्या रांगेत १० फूट. म्हणजे ३० फूट लांबी गेली. मागच्या बाजूला ध्वनी-प्रकाशाचा कन्सोल आणि दारापाशी उभे राहायला आणखी १० फूट. उरले ६० बाय ६०, म्हणजे ३,६०० चौरस फूट. थिएटर मांडणीत ३६० माणसे. टेबलांसह ‘क्लासरूम’ मांडणीत माणशी १५ ते १८ चौरस फूट लागतात, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. हॉटेलवाले सहा फुटी टेबलामागे तीन खुर्च्या लावून आकडा फुगवतात. लॅपटॉप आणि फाइल उघडली की तिथे दोघेच सुखाने बसतात.

पडदा मागून प्रक्षेपण करणारा असेल तर मंचामागे ४ नव्हे, १२ ते १५ फूट सोडावे लागतात. म्हणून लहान दालनात एलईडी भिंत भाड्याने महाग वाटली तरी खुर्च्यांच्या तीन-चार रांगा वाचवते.

क्षेत्रफळानंतर छताची उंची विचारा, आणि झुंबराच्या टोकापासून जमिनीपर्यंतची विचारा. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान ४ फुटांवर हवी, नाहीतर चौथ्या रांगेपासून पुढच्यांची डोकीच दिसतात. छत १२ फूट असेल तर पडदा जेमतेम ७ फूट उंचीचा बसतो. मजकुराच्या स्लाइड वाचायच्या तर शेवटचा माणूस पडद्याच्या उंचीच्या आठपट अंतराच्या आत हवा, म्हणजे ५६ फूट. त्यामागे बसणाऱ्यांसाठी दालनाच्या मध्यावर दोन्ही बाजूंना टीव्ही लावून घ्या.

आणखी एक. हे ६,००० चौरस फूट एकसंध आहेत की सरकत्या भिंतीने जोडलेली दोन दालने? दोन असतील आणि तुम्ही एकच घेतले, तर पलीकडे त्या दिवशी काय आहे ते लेखी विचारा. सरकती भिंत बोलणे अडवते, संगीताच्या कार्यक्रमाचा ढोल अडवत नाही. आणि आदल्या रात्री तिथे स्वागतसमारंभ असेल तर तुमच्या मंडपवाल्याला दालन मध्यरात्रीनंतरच मिळेल. ‘सकाळी आठपासून’ अशा बुकिंगमध्ये सकाळी दहाचे उद्घाटन बसत नाही. आदल्या संध्याकाळपासूनचा सेटअप वेळ करारात घाला, त्याचे वेगळे भाडे लागले तरी.

माझे मत : ३५० जणांना टेबल हवेच असेल तर ८,००० चौरस फुटांच्या खाली पाहूच नका.

प्रश्न : आमची पुण्यातली कंपनी वितरकांचा मेळावा गोव्यात घेणार आहे. एका हॉटेलने खोली ७,६०० रुपयांना दिली, दुसऱ्याने ७,५०० ला. शंभर रुपयांसाठी घासाघीस करावी का?

या शंभर रुपयांसाठी जरूर करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर १८. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. एका रात्रीमागे १,०९३ रुपयांचा फरक.

‘१८ टक्के भरले तर क्रेडिट मिळेल’ (भरलेला कर कंपनीच्या देय करातून वजा होईल) असे हिशेबनीस म्हणतील. हेच हॉटेल लोणावळ्यात असते तर ते बरोबर ठरले असते. कराचे क्रेडिट मिळून ७,६०० ची खोली निव्वळ ७,६०० लाच पडली असती. पण निवास आणि सभागृहाच्या सेवेचे स्थान कायद्याने हॉटेल जिथे आहे तिथे धरले जाते. गोव्याचे हॉटेल केंद्राचा आणि गोव्याचा कर लावणार, आणि तुमची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर त्याचे क्रेडिट घेता येत नाही. तो सगळा खर्चच.

नाश्ता धरून एकच दर लावला तर ७,५०० ची मर्यादा त्या पूर्ण दराला लागते, हेही पाहून ठेवा. निविदा मागवताना खोली, सभागृह आणि जेवण यांचे दर करासह वेगवेगळे मागा आणि करारावर सही करण्याआधी सीएंना दाखवा. बिल आल्यावर दाखवून काही उपयोग नाही.

प्रश्न : मागच्या वर्षी ८० खोल्या धरल्या, ६१ लागल्या, आणि हॉटेलने बाकीच्यांचेही पैसे घेतले. हे योग्य आहे का? (सोलापूर)

करारात काय लिहिले आहे त्यावर अवलंबून. बहुतेक करारांत शेवटच्या टप्प्यावर १० टक्के खोल्या कमी करायची मुभा असते. म्हणजे ८० पैकी ७२ चे पैसे द्यायचेच. वापरल्या ६१, तर ११ खोल्या रिकाम्या. दोन रात्री आणि ६,५०० चा दर धरला तर १,४३,००० रुपये, शिवाय कर.

पुढच्या वेळी मुभा टप्प्याटप्प्याने मागा : ६० दिवस आधी ३० टक्के, ३० दिवस आधी २०, १५ दिवस आधी १०. आणि एक वाक्य हट्टाने घाला : सोडलेल्या खोल्या हॉटेलने दुसऱ्याला विकल्या तर आमच्याकडून पैसे घेऊ नयेत. लग्नाच्या तिथींना हे वाक्य लाख मोलाचे, कारण त्या रात्री शहरातल्या खोल्या भरतातच.

जेवणाच्या किमान हमीचेही असेच. ‘३०० पॅक्स (म्हणजे माणसे), चार जेवणे’ अशी एकच संख्या देऊ नका, प्रत्येक जेवणाची वेगळी द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी लोक गाड्या पकडायला निघालेले असतात, त्या जेवणाला हमी चौथाईने कमी धरा. हॉटेल हमीपेक्षा ५ टक्के जास्त वाढायला तयार असते का, तेही विचारून घ्या. असेल तर आकडा थोडा खालचाच बरा.

प्रश्न : देशभरातून २०० डॉक्टर येणार. मुंबई आणि गोवा, दोन्हीकडे आता दोन-दोन विमानतळ. निवड कशी करावी?

ठिकाण आधी ठरवा, मग विमानतळ एकच ठरवा. परिषद वांद्रे-कुर्ला संकुलात असेल तर जुना विमानतळच सोयीचा : दोन्ही टर्मिनलपासून मेट्रो ३ थेट संकुलात जाते. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात असेल तर नवी मुंबईचा जवळ. गोव्यात मोपा पेडण्यात, उत्तर टोकाला. हॉटेल दक्षिण गोव्यात केळशी-मोबोरच्या बाजूला असेल आणि पाहुणे मोपाला उतरले तर गाडीला दोन तास धरा. त्या बाजूला दाबोळीच बरा.

घोळ होतो तो तिकीट काढताना. ‘गोवा’ लिहिले की स्वस्त दिसेल ते तिकीट लोक काढतात. मग वीस जण एकीकडे आणि एकशे ऐंशी दुसरीकडे उतरतात, आणि वीस जणांसाठी दिवसभर वेगळी बस उभी करावी लागते. म्हणून नोंदणी अर्जावर शहराच्या नावाशेजारी विमानतळाचा कोड ठळक छापा : दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स, मुंबई बीओएम, नवी मुंबई एनएमआय. मोफत बस फक्त त्याच कोडवरून सुटेल, हेही तिथेच लिहा.

पावसाळ्यात गोव्याच्या खोल्या स्वस्त मिळतात, पण त्या महिन्यांत कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू असते आणि गाड्या हळू धावतात. रेल्वेने येणारे बरेच असतील तर उद्घाटन सकाळी ठेवू नका, दुपारी दोनला ठेवा.