पानातले गोड आणि डब्यामागचे गोड

वजन उतरवायचे ठरवले की गोड कायमचे बंद करावे लागते का, हा प्रश्न साताऱ्यात आहार-समुपदेशन करताना मला जितक्या वेळा विचारला जातो तितका दुसरा कोणताही विचारला जात नाही, आणि विचारणाऱ्याने उत्तर 'हो' असेच येणार अशी मनाशी खूणगाठ बांधलेली असते. ज्या गावात दहावीच्या निकालापासून दारात आलेल्या नव्या दुचाकीपर्यंत प्रत्येक आनंदाची वर्दी कंदी पेढ्यानेच दिली जाते, तेथे हा प्रश्न केवळ आहाराचा राहत नाही, तो शेजारपाजारचा, कचेरीचा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचाही होतो. माझे उत्तर 'नाही' असे आहे. मात्र त्या 'नाही'ला काही अटी आहेत, आणि त्या एका प्रकरणाच्या आधारे सांगितल्या तर अधिक स्पष्ट होतील. संबंधित बाईंच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ते येथे देत आहे. त्यांना मी नुसते 'ताई' म्हणते.

ताई 44 वर्षांच्या, एका सरकारी कचेरीत लिपिक. उंची 154 सेंटिमीटर, वजन 74 किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) सुमारे 31. आपल्याकडे 25 च्या पुढच्या आकड्याला लठ्ठपणा मानतात. थायरॉइड, रक्तातील साखर आणि रक्तदाब यांच्या तपासण्या त्या करूनच आल्या होत्या आणि त्या ठीक होत्या. पाडव्याच्या श्रीखंडानंतर आपण गोड पूर्ण सोडले आहे, तरीही वजन तसूभर हललेले नाही, उलट किंचित वाढलेच आहे, अशी त्यांची तक्रार होती. आषाढ संपत आला होता. "मॅडम, आता श्रावण, मग गौरी-गणपती, मग दसरा-दिवाळी. एवढे सगळे मी कोरडीने कसे काढू?" असे त्यांनी विचारले, तेव्हा त्या वजनापेक्षा सणांनाच अधिक घाबरल्या आहेत असे मला वाटले.

पहिल्या भेटीत मी कोणालाही तक्ता देत नाही. जे खाल ते लिहा, आणि त्याबरोबर वेळ, जागा, बसून खाल्ले की उभ्याने, सोबत कोण होते, एवढेही लिहा, असे सांगते. ताईंनी वही व्यवस्थित, सरकारी टिपणासारखी लिहून आणली. गोडाच्या रकान्यात प्रत्येक दिवशी 'नाही' असा शेरा होता. चहाच्या रकान्यात मात्र सकाळी दोन, कचेरीत दोन आणि संध्याकाळी एक असे पाच कप होते आणि प्रत्येकात दोन छोटे चमचे साखर होती. चहा हा गोडात धरायचा असतो, हे त्यांच्या हिशेबातच नव्हते, आणि यात त्या एकट्या नाहीत. गोड सोडलेल्या माणसांपैकी फारच थोडी चहाची साखर सोडतात. एका छोट्या चमच्यात साधारण 5 ग्रॅम साखर धरली तर ताईंची दिवसाला 50 ग्रॅम साखर, म्हणजे 200 कॅलरी, केवळ चहातून जात होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनेनुसार वरून घातलेली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, आणि 5 टक्क्यांच्या आत ठेवता आल्यास अधिक बरे. ताईंसाठी मी ठरवणार होते त्या 1400 कॅलरींच्या आहारात ही मर्यादा अनुक्रमे 35 आणि 17 ग्रॅमच्या आसपास येते. एक पेढाही न खाता त्यांनी ती ओलांडलेली होती.

तरीही एवढ्याने त्यांच्या वजनाचा उलगडा होत नव्हता. वहीत काही रात्री जेवणानंतरची ओळ कोरी होती, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी 'उपवास' असे लिहिलेले होते. ना एकादशी, ना चतुर्थी. मी त्याविषयी विचारले तेव्हा ताई बराच वेळ पर्स उघडझाप करीत राहिल्या. मग त्यांनी सांगितले ते असे, की कचेरीतून आलेले किंवा पाहुण्यांनी आणलेले पेढे घरात असले की ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागे त्या एक पुडा सरकवून ठेवीत. रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरातला मोठा दिवा न लावता, ओट्याला टेकून उभ्याउभ्या एक पेढा खात. एक खाल्ला की आपला नेम मोडला असे वाटे, आणि मोडलाच आहे तर मग उद्यापासून पाहू, असे म्हणत पाच-सहा संपत. चव कशी लागली असे मी विचारले, तर पहिल्यानंतरची आठवतच नाही, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून दुपारपर्यंत उपाशी राहायचे आणि संध्याकाळी अजिंक्यतारा चढायचा. त्यामुळे रात्री पुन्हा भूक खवळलेली असे.

माझ्या मते अडचण नेमकी येथे आहे. पेढ्याने जितके वजन वाढते त्यापेक्षा अधिक ते 'बंदी, मग मोड, मग आता काय उरले' या फेऱ्याने वाढते. मानसशास्त्रात हा फेरा फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हर्मन आणि मॅक या संशोधकांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काहींना आधी मिल्कशेक दिला आणि नंतर सर्वांपुढे आइस्क्रीम ठेवून, चव सांगण्याच्या निमित्ताने हवे तेवढे खाऊ दिले. जे एरवी खाण्यावर निर्बंध घालीत नसत, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. जे सतत स्वतःला आवरून खात, त्यांनी मात्र मिल्कशेक घेतल्यावर आइस्क्रीम उलट जास्त खाल्ले. नियम एकदा मोडला की आवरण्याचे कारणच उरत नाही. ताईंना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला, कारण तोवर त्या या सगळ्याला आपल्या स्वभावाचा कच्चेपणा समजत होत्या.

येथे एक गोष्ट तपासून घ्यावी लागते. असे आवर सुटल्यासारखे खाणे आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने होत असेल, त्यात खूप मोठे प्रमाण आणि पराकोटीची अपराधी भावना असेल, तर तो खाण्याचा मानसिक विकार असू शकतो आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावे लागते. ताईंचे प्रमाण आणि वारंवारता तेवढी नव्हती. तसे असते तर मी पुढचे काही केले नसते.

त्यांच्या भीतीत वजनकाट्याचाही वाटा होता. त्या रोज सकाळी वजन करीत आणि पेढ्यांच्या रात्रीनंतर काटा किलोभर वर दिसे. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवते, त्यामुळे अशी वाढ बरीचशी पाण्याची असते. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण 7700 कॅलरी अधिक पोटात जाव्या लागतात. आम्ही त्यांच्याच घरचा पाव किलोचा पुडा मोजला. त्यात बारा पेढे निघाले, म्हणजे एक पेढा सुमारे 20 ग्रॅमचा. खवा आणि साखर यांचा तो पदार्थ असल्याने एकाच्या 80 ते 90 कॅलरी धरायला हरकत नाही. सहा पेढे झाले तरी 500 च्या आसपास. ही रक्कम लहान नाही, पण एका रात्रीत किलोभर चरबी चढवणारीही नाही. वजन आठवड्यातून एकदाच करायचे, असे आम्ही ठरवले.

मग गोडाची तजवीज केली. चहा तीन कपांवर आणि साखर कपाला एका चमच्यावर आली, म्हणजे आठवड्याला सुमारे 1000 कॅलरी वाचल्या. त्या बचतीतून आठवड्यात दोन वेळा 'ठरलेले गोड' घ्यायचे: दोन पेढे, किंवा एक मध्यम पुरणपोळी, जी तुपासकट अडीचशे-तीनशे कॅलरींपर्यंत जाते, किंवा लहान वाटीभर खीर. वार त्यांनीच निवडायचे आणि सण आला की वार सणाकडे सरकवायचा. त्या जेवणात भात किंवा पोळी कमी करायची, परंतु वरण, उसळ, भाजी आणि दही यांना हात लावायचा नाही, कारण प्रथिने आणि तंतू कमी झाले की दोन तासांनी पुन्हा डबे उघडले जातात. किल्ला आवडतो म्हणून चढावा, पेढ्याची परतफेड म्हणून चढू नये, असेही मी सांगितले.

यातली सर्वांत उपयोगी पडलेली अट प्रमाणाची नव्हती, जागेची होती. गोड पानात वाढून, बसून, सर्वांसमोर आणि जेवणाबरोबर खायचे. आपल्या जुन्या पद्धतीत गोड हे पानातच असते, चटणी-कोशिंबिरीपासून वरणभातापर्यंत सगळ्याच्या सोबतीने ते खाल्ले जाते. जेवण उरकल्यावर 'आता काहीतरी गोड' म्हणून फ्रिज उघडणे ही सवय त्यामानाने अलीकडची, आणि ती मला फारशी मानवत नाही. तुडुंब जेवल्यावरही गोडाला जागा होते, याचे एक कारण असे, की एका चवीने तृप्ती झाली तरी दुसऱ्या चवीची भूक शिल्लक असते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये हे प्रयोगाने दाखवले आहे. गोड आधीपासून जेवणातच असेल तर ही वेगळी भूक वेगळी भागवावी लागत नाही. शिवाय प्रथिने, तंतू आणि स्निग्धांश यांच्याबरोबर गेलेली साखर रक्तात सावकाश उतरते.

गूळ, खजूर आणि 'शुगर फ्री' यांविषयी ताईंनी अपेक्षेप्रमाणे विचारलेच. गुळाच्या आणि साखरेच्या कॅलरींत दखल घ्यावी असा फरक नाही. खजूर-सुकामेव्याचा लाडू साखरेविना झाला तरी त्यातले तूप आणि काजू कोठे जात नाहीत. वजन नियंत्रणासाठी कृत्रिम गोडी देणारे पदार्थ वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये दिला आहे. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी उतरली की मात्र ती खुशाल खावी, शंभर ग्रॅमला जेमतेम 30-35 कॅलरी असतात. तिच्यावर घातलेल्या गोड क्रीमचा हिशेब वेगळा, एवढे लक्षात असावे.

तक्त्यापेक्षा घरच्यांना समजावणे अवघड गेले. ताईंनी पाडव्याला सर्वांसमोर गोड सोडल्याचे जाहीर केले होते, तेव्हापासून त्यांचे यजमान ताटाकडे पाहून "डाएट चालू आहे ना?" असे चेष्टेने म्हणत, आणि सासूबाई त्याच वेळी "अगं, सणाचं पान आहे, नाही म्हणू नये" असे म्हणत दुसरी पोळी वाढीत. एकीकडे पहारा आणि दुसरीकडे आग्रह असला की माणूस चोरून खाऊ लागतो. मी दोघांनाही एकदा बोलावले. यजमानांना ताटावर कोणतेही भाष्य न करण्याची विनंती केली. सासूबाईंना उपदेश न करता एवढेच विचारले, की पूर्वी घरात गोड किती वेळा होई. सणावाराला आणि कुणी पाहुणा आला तर, असे त्या म्हणाल्या, आणि आता आठवड्यातून चार वेळा काही ना काही येते हे त्यांनी स्वतःच पुढे जोडले. त्यानंतर आग्रह थांबला असे म्हणता येणार नाही, पण दुसरी पोळी अर्धी झाली.

कचेरीतल्या पेढ्यांवर वेगळा तोडगा काढावा लागला. कुणाच्या मुलाला नोकरी लागली आणि तो पेढा घेऊन टेबलाशी आला, तर नको म्हणणे माणुसकीला धरून होत नाही. ताई तो कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवीत, आणि तोच रात्री डब्यामागे जाई. आता त्या तेथेच अर्धा मोडून तोंडात टाकतात, तोंडभरून अभिनंदन करतात आणि उरलेला अर्धा शेजारच्या सहकारी बाईंना देतात. पेढा घरी न्यायचा नाही, हा एकच नियम आम्ही कडक ठेवला. घरात पेढे आणायचेच झाले तर किलोभर न आणता पाव किलो आणायचे, आणि ते सगळ्यांच्या पानात त्याच दिवशी वाढून संपवायचे.

श्रावण ताईंना वाटला होता त्यापेक्षा सोपा गेला. पुडा लपवणे पहिल्या महिन्यात दोनदा घडले, दोन्ही वेळा त्यांनी ते वहीत लिहिले आणि दुसऱ्या दिवशी उपवास न करता नेहमीचा नाश्ता केला. गणपतीत तळणीचे मोदक झाले, तेव्हा ठरलेले दोन वार त्यांनी त्या आठवड्यात खर्च केले. दिवाळीत वजन किलोभर वाढले. करंजीपेक्षा येता-जाता खाल्लेला चिवडा आणि चकली त्याला अधिक कारणीभूत होती, हे वहीवरून त्यांनीच काढले. पुढच्या पंधरवड्यात त्यातले बरेचसे उतरले. संक्रांतीपर्यंत वजन 69 वर आले. सहा महिन्यांत पाच किलो ही गती जाहिरातीत छापण्याजोगी नाही, पण 1400 कॅलरींचा आहार आणि मधले सगळे सण पाहता ती मला रास्त वाटते. संध्याकाळचा चहा अजून एका चमच्याचाच आहे, अर्ध्यावर यायला त्या तयार नाहीत, आणि मी तो विषय तूर्त सोडून दिला आहे.

मध्यंतरी ताईंच्या धाकट्या जाऊबाई हाच तक्ता मागायला आल्या होत्या. त्यांना मधुमेह आहे आणि गोळ्या चालू आहेत, म्हणून मी तो दिला नाही. मधुमेहात गोडाचा प्रश्न कॅलरींपुरता नसतो. त्या जेवणातली एकूण कर्बोदके, गोळी किंवा इन्सुलिनची मात्रा आणि वेळ यांच्याशी तो बांधलेला असतो, आणि पोळी-भात अंदाजाने कमी केल्यास काही औषधांवर रक्तातील साखर एकाएकी खाली जाण्याचा धोका असतो. त्यांना आधी डॉक्टरांकडून अलीकडची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारी) तपासणी आणि औषधांची यादी घेऊन यायला सांगितले आहे, आणि साखरेचे तीन छोटे चमचे पुडीत बांधून पर्समध्ये ठेवायलाही सांगितले आहे, ते चहात घालण्यासाठी नव्हे, तर रक्तातील साखर अचानक उतरून हातपाय थरथरू लागले तर लगेच तोंडात टाकण्यासाठी.