बाळंतपणानंतर मन खचलं असेल तर

अगं, खचलेल्या मनाला थोडी हालचाल मदत करते, पण व्यायाम म्हणजे घाम गाळणं असं मनात आणू नकोस. आधी फक्त १० मिनिटं चाल. बाळाला कुशीत घे किंवा बाबागाडीत ठेव आणि उजेड असतानाच बाहेर पड. चालताना बोलता येईल, धाप लागणार नाही, एवढाच वेग. 'बरं वाटलं की जाईन' म्हणशील तर जाणं होणारच नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात उत्साह आधी येत नाही, हालचालीच्या मागून येतो.

घरात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळ: लघवी रोखल्यासारखं आत ओढ, पाच मोजेपर्यंत धर, सोड. श्वास मात्र कोंडू नकोस. सिझेरियन झालं असेल तर पोटाचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच. रक्तस्राव वाढला किंवा टाके दुखले तर थांब. आणि रात्र जागून काढली असेल, तर मी म्हणेन आधी झोप.

पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेकींचं ओसरतं. त्यापुढेही टिकलं तर डॉक्टरांना सांगच. औषधं सुरू असतील तर चालण्याच्या भरवशावर ती सोडू नकोस. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असं मनात आलं, तर त्याच क्षणी, मध्यरात्र असली तरी, घरातल्या कुणाला तरी उठव आणि दवाखाना गाठ.