मृगाच्या आधीचे साल

प्रिय लेखिके,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र काल मिळाले आणि रात्री मुद्रिते काढून मी सतरावे प्रकरण पुन्हा वाचले. प्रकाशन समारंभ तीन आठवड्यांवर आला आहे, निमंत्रणे गेली आहेत, छपाई मात्र व्हायची आहे. आणि आता एका जाणकाराने तुला दाखवून दिले आहे की रामशास्त्र्यांच्या हाताखालचा तुझा कारकून सावकाराच्या वहीवर उमटलेला शाईचा अंगठा संशयिताच्या अंगठ्याशी ताडून खुनी पकडतो, हे १७७३ च्या पुण्यात घडणे शक्य नव्हते. प्रकाशक म्हणतात, वाचकांना चालते. समारंभात कोणी विचारले तर काय उत्तर द्यावे, असे तू मला विचारतेस. उत्तर शोधू नकोस. प्रकरण बदल.

काळाला जे ठाऊक नव्हते ते तुझ्या शोधकाला ठाऊक असता कामा नये. विल्यम हर्शेलने बंगालमध्ये करारावर एका माणसाच्या पंजाचा ठसा घेतला तो १८५८ साली, आणि बोटांच्या ठशांची कचेरी कलकत्त्यात उघडली ती १८९७ साली. तुझ्या कारकुनाला अंगठ्यावरच्या रेषा दिसत असतील, पण त्यांवरून गुन्हेगार सिद्ध करता येतो ही कल्पनाच त्याच्या जगात नव्हती, आणि ती तू त्याला उसनी दिलीस की त्याची हुशारी त्याची राहत नाही.

हे मी तावातावाने लिहितो आहे, त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या रहस्यकादंबरीत सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतला एक पहारेकरी काडी ओढून दिवा लावतो आणि त्या जळक्या काडीवरून पुढचा सगळा उलगडा होतो. काडेपेटी जगातच आली ती १८२० च्या दशकाच्या अखेरीस. प्रकाशनाच्या दिवशी मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ उठले आणि त्यांनी अगदी सौम्यपणे हे विचारले. मी म्हणालो, ‘ही कादंबरी आहे, इतिहास नव्हे.’ सभागृहाने टाळ्या वाजवल्या आणि ते खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन चूक कबूल करावी, असे मला वाटले होते. मी गेलो नाही, आणि पुढे जाण्याची वेळच उरली नाही. चकमकीची ठिणगी आणि कापूस एवढे लिहिले असते तरी भागले असते, मात्र मग उलगडा नव्याने रचावा लागला असता, आणि ते कष्ट मला नको होते.

म्हणून पुन्हा सांगतो, काळाला जे ठाऊक नव्हते ते त्याला ठाऊक नको. पण काळाला काय काय ठाऊक होते, हे तरी तू पुरते पाहिलेस का? लिहिता न येणारा पाटील कागदावर नांगराची निशाणी करीत असे. पत्र संपले की खाली मोर्तबाचा शिक्का होई, म्हणजे मागाहून कोणाला ओळ घुसडता येऊ नये. वेळ पाण्यात बुडणाऱ्या घटिकापात्रावर मोजली जाई, आणि घटका चोवीस मिनिटांची. तुझ्या नवव्या प्रकरणातला साक्षीदार ‘दहा मिनिटांनी’ परत येतो, तेही दुरुस्त कर. संशयित तापल्या तेलात हात घालून दिव्य करायला तयार झाला, तर पुराव्यावर विश्वास ठेवणाऱ्या तुझ्या कारकुनाने काय करावे? हा पेच अंगठ्यापेक्षा किती मोठा आहे, आणि तो तुला त्या काळाने फुकट देऊ केला आहे!

सतराव्या प्रकरणासाठी मला सुचते ते असे. सावकाराचे खत, म्हणजे त्याचा दस्तऐवज, खोटे आहे. त्यावर शके १६९५, वैशाख मास घातला आहे आणि सुहूर सन, म्हणजे दफ्तरात अरबी आकड्यांच्या शब्दांत घालायचे साल, लिहिला आहे ‘अर्बा सबैन मया व अलफ’, म्हणजे ११७४. सुहूर सन मृग नक्षत्र लागल्यावर बदलतो. वैशाखात अजून ‘सलास सबैन’च, म्हणजे ११७३, चालू असणार. ३० ऑगस्टला नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर, भाद्रपदातल्या त्या गोंधळात बसून ज्याने मागची तिथी घालून हे खत रचले, त्याचा हात सवयीने चालू साल लिहून गेला. कारकून रोज दहा कागदांवर तेच साल लिहितो. त्याला हे दिसणारच, आणि त्याच्याखेरीज वाड्यातल्या कोणाला चटकन दिसणार नाही. अशी हुशारी त्याची स्वतःची असेल.

मी फार हळू लिहितो, असे लोक म्हणतात. त्या काडीनंतर मी पुण्याच्या पेशवे दफ्तरात वर्षानुवर्षे जुन्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडून बसलो आणि एवढ्या काळात दोनच कादंबऱ्या दिल्या. माझ्या बरोबरीच्यांची पुस्तके रांगेने आली आणि मला ते लागलेही. तरी ती वर्षे मी वाया गेलेली मानत नाही. त्या दोन पुस्तकांतल्या कोणत्याही पानावर कोणी बोट ठेवले तर मला उठून उत्तर देता येते, आणि हे मला त्या वृद्ध गृहस्थांना दाखवायचे होते.

तू माझ्यापेक्षा चांगले लिहितेस. भेदरलेल्या बुधवार पेठेचे तुझे वर्णन वाचून मी मुद्रिते खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो. म्हणूनच ‘चालते’ हा शब्द तुझ्या पत्रात वाचून मला राग आला. प्रकाशकांना आजच कळव की छपाई थांबवा. समारंभ महिनाभर पुढे गेला तर जाऊ दे, निमंत्रितांची माफी मागणारे पत्र हवे असेल तर मी माझ्या सहीने लिहितो. नवे सतरावे प्रकरण तयार झाले की आधी माझ्याकडे पाठव. त्या वर्षातल्या एका खताची मोडी प्रत मी काढून ठेवली आहे, मायना आणि सालाची मांडणी तीवरून ताडून पाहू.