तिघं जण, एक कीबोर्ड

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयसीपीसी या कॉलेज विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धेच्या नियमांप्रमाणे घेतलेल्या एका स्पर्धेत आम्ही तिघं उतरलो होतो. तयारीचं ऐंशी टक्के काम मीच केलं. शेवटच्या तासात एका मित्राचा कोड दोनदा चुकीचा ठरला, तेव्हा मी कीबोर्ड माझ्याकडे घेतला आणि सगळं नव्याने लिहायला बसले. वेळ संपला, प्रश्न सुटला नाही. तो आता माझ्याशी बोलत नाही. यापुढे एकटीने देता येतात अशाच स्पर्धा द्याव्यात का? नोकरीसाठी तेवढ्या पुरणार नाहीत का?

उत्तर : एकटीने स्पर्धा जरूर दे. वेग वाढेल, अल्गोरिदम पक्के होतील आणि कंपन्यांच्या ऑनलाइन चाचणीत त्याचा सरळ उपयोग होईल. पण पुढच्या वर्षी याच दोघांबरोबर पुन्हा उतर, असं मी तुला अगदी आग्रहाने सांगेन.

आयसीपीसीचा नियम तुला माहीतच आहे : तीन विद्यार्थी, पाच तास, संगणक एकच. म्हणजे तिथे टंचाई असते ती कीबोर्डची. एक जण टाइप करत असताना बाकी दोघांनी कागदावर काम पुढे न्यायचं असतं. मुरलेल्या टीममध्ये एखाद्याचा कोड चुकीचा ठरला की तो त्याची प्रिंट काढतो, खुर्चीवरून उठतो आणि चूक कागदावर शोधत बसतो. तेवढ्या वेळात दुसरा आपला प्रश्न टाइप करतो. ‘मी उठलो तरी माझा प्रश्न माझाच राहील, चूक सापडली की मला जागा परत मिळेल’ हा भरवसा असेल तरच माणूस असा उठतो. तुझा मित्र उठला नाही, त्याला उठवलं गेलं. आणि त्याचा प्रश्नही गेला.

दंडाचा नियमही आठव. चुकीच्या प्रत्येक प्रयत्नाला 20 मिनिटांचा दंड लागतो, पण तो प्रश्न शेवटी सुटला तरच. क्रमवारीत आधी पाहतात ते सुटलेल्या प्रश्नांची संख्या. सारखी संख्या असलेल्या टीममध्येच दंडासकट वेळ मोजतात. त्याचे दोन प्रयत्न फुकट गेले तरी तोवर फारसं काही बिघडलेलं नव्हतं. घाबरून सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेणं मात्र महागात पडलं. त्या घाईत असं होतं, मी समजू शकते. तरी ते तसं झालं, हे तुला मान्य करावं लागेल.

आता ते ऐंशी टक्के. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. घरातल्या कामांत आपला वाटा किती, हे त्यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक वेळा पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. कोणी खोटं बोलत होतं असं नाही. आपण केलेलं आपल्याला चटकन आठवतं, समोरच्याचं तेवढं आठवत नाही. तुम्ही तिघांनी आपापली टक्केवारी चिठ्ठीवर लिहून बेरीज करून बघा. शंभरच्या बरीच वर जाईल असा माझा अंदाज आहे. आणि तुझा आकडा खरा निघालाच, तर त्यातलं किती काम तू मागून घेतलंस आणि किती कोणाला देऊनच पाहिलं नाहीस, हेही स्वतःला विचार.

नोकरीचं म्हणशील, तर प्रत्यक्ष कामात जवळपास कुठलाच कोड एकट्याचा राहत नाही. तुझा कोड दुसरा तपासतो, त्याचा तू तपासतेस. ‘मी अडकलेय’ किंवा ‘चूक माझी आहे’ हे वेळेवर सांगता येणं तिथे फार मोलाचं असतं. एमी एडमंडसन या संशोधक रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी आढळतील ही त्यांची अपेक्षा होती; चुकांची नोंद तिथेच जास्त निघाली. त्यांनी लावलेला अर्थ असा, की त्या टीम्समध्ये चूक लपवावी लागत नव्हती. तुमच्या टीममध्ये दुसऱ्यांदा चुकल्यावर काय झालं, ते तिसऱ्या मित्रानेही पाहिलं आहे. पुढच्या वेळी अडकल्यावर तो तुला किती लवकर सांगेल?

मुलाखतीत ‘टीममध्ये मतभेद झाला तेव्हा तुम्ही काय केलं?’ हा प्रश्न हमखास येतो. आज तुझ्याकडे या उत्तराचा अर्धाच भाग आहे.

म्हणून पुढच्या सरावात फार काही बदलू नका, तीनच गोष्टी करा. कोड लिहायच्या आधी आपली पद्धत दुसऱ्याला दोन मिनिटांत समजावून सांगायची आणि त्याने ती मोडेल असं उदाहरण शोधायचं. पंधरा मिनिटं पुढे सरकलं नाही, तर मोठ्याने सांगायचं. आणि दोनदा चुकल्यावर काय करायचं, हे स्पर्धेच्या आधीच ठरवायचं. कीबोर्ड मागायचा, ओढून घ्यायचा नाही. सुरुवातीला सोपे प्रश्न तू मुद्दाम त्यांच्याकडे सोड आणि ते टाइप करत असताना स्क्रीनकडे बघू नकोस. तुला हे जड जाईल, पण भरवसा अशा छोट्या कामांतूनच जमतो.

मित्राशी आधी बोल, सराव नंतर. ‘मी तुझ्या हातातून कीबोर्ड घेतला, तसं करायला नको होतं’ एवढं म्हण, त्याला ‘पण’ जोडू नकोस. तो लगेच विरघळेल असं नाही, थांब.

आणि हो, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्याच्या कोडमध्ये चूक नेमकी काय होती, हे त्यात कुठेच नाही. तो कोड त्याच्याकडून मागून घे आणि त्याच्या शेजारी बसून वाच.