शिशाच्या बंद खाणीत उतरायचंय? वाचकांचे प्रश्न

इंग्लंडच्या डर्बीशरमधल्या बंद पडलेल्या शिशाच्या खाणींबद्दल प्रश्न येत राहतात. बहुतेक विचारणारे तिथे नोकरी-शिक्षणासाठी गेलेले मराठी ट्रेकर असतात. त्यातले काही निवडक.

शेफील्डला राहतो. सह्याद्रीत भरपूर भटकलोय. नळीची वाट, सांधण दरी सगळं झालंय. कॅसल्टनजवळ टेकडीत शिरणारा एक जुना बोगदा दिसलाय. मी आणि एक मित्र, हेडलॅम्प आणि दोर घेऊन जाऊ का?

नका जाऊ. दोघंच तर नकाच. सह्याद्रीच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, तो इथे अर्धाच कामाला येतो. गडावर पायाखाली डोंगर असतो. खाणीत पायाखाली बऱ्याचदा माणसाने केलेली सोय असते, आणि तीही दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची.

इथलं शिसं चुनखडीतल्या उभ्या भेगांमध्ये सापडतं. कामगार ती भेग वरखाली कोरत जायचे, त्यामुळे मागे उरायची अरुंद, उंच फट. निघालेला टाकाऊ दगड बाहेर वाहून नेण्यात मजुरी वाया जायची. मग फटीतच आडवे वासे ठोकायचे आणि त्यांवर दगड रचून मोकळं व्हायचं. खाणीत उतरणारे या ढिगांना ‘डेड्स’ म्हणतात. चालताना डोक्यावर जे छत वाटतं, ते कित्येकदा हेच असतं: वर काही टन दगड आणि खाली कुजलेले चार वासे. त्याला हात लावायचा नाही, दम खायला म्हणून टेकायचंही नाही.

जमिनीचंही तसंच. बोगद्यात घोटाभर गढूळ पाणी, त्याखाली गाळ, गाळाखाली फळ्या आणि फळ्यांखाली खोल शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा सरळ खाली जाणारा खड्डा, असा प्रकार असू शकतो. हेडलॅम्पच्या उजेडात फक्त पाण्याचा पृष्ठभाग चमकतो. म्हणून जाणकार माणूस काठीने चाचपत जातो आणि काठीचा आवाज पोकळ आला की जागच्या जागी थांबतो. आधीपासून लटकत असलेल्या दोरावर किंवा गंजक्या शिडीवर भार टाकायचा नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सरळ एखाद्या क्लबबरोबर जा. पीक डिस्ट्रिक्ट माइन्स हिस्टॉरिकल सोसायटी 1959 पासून या भागात काम करते. शेल्डन गावाजवळच्या मॅगपाय खाणीची देखभालही तीच करते. कोणती खाण कुठवर सुरक्षित आहे, जमीनमालकाची परवानगी कशी घ्यायची, हे अशा लोकांना ठाऊक असतं. दोराची सवय आणि अंधाराची भीती नसणं याचा उपयोग तुम्हाला तिथे होईल.

जुन्या लोकांसारखी पेटती मेणबत्ती नेली, तर वाईट हवा कळते ना?

कळते, पण उशिरा. मोकळ्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. तो 16-17 टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते, पण तोवर तुमचीही विचारशक्ती मंदावायला लागलेली असते. ‘परत फिरू या’ हा निर्णय नेमका तेव्हाच घ्यायचा असतो. ऑक्सिजन मोजणारं, साधारण 19.5 टक्क्यांनाच ओरडणारं यंत्र बरोबर हवं. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वाढलेली हवा जड असते, त्यामुळे ती उतारावर आणि खड्ड्यांत साचते. शिवाय बाहेरचा वायुदाब उतरला की बुजलेल्या जुन्या खोदकामांमधली कोंदट हवा बोगद्यात पसरते. म्हणजे मागच्या रविवारी ठीक असलेली जागा या रविवारी ठीक असेलच असं नाही.

मॅगपायचंच उदाहरण घ्या. 1833 साली तिथल्या कामगारांचं शेजारच्या रेड सॉइल खाणीशी शिशाच्या एकाच शिरेवरून, म्हणजे खडकातल्या खनिजाच्या पट्ट्यावरून, भांडण पेटलं. जमिनीखाली आगी लावल्या गेल्या आणि रेड सॉइलचे तीन कामगार धुराने गुदमरून मेले. खटला चालला, पण शिक्षा कुणालाच झाली नाही. मेलेल्यांच्या विधवांनी खाणीला शाप दिला असं गावात अजून सांगतात. शापाचं राहू द्या. पण कोंडलेल्या जागेत धूर किती लवकर जीव घेतो ते बघा आणि आत शेकोटी, स्टोव्ह काही पेटवू नका.

मुलं सात आणि नऊ वर्षांची आहेत. त्यांना दाखवण्यासारखं काही आहे का? शिशाची बाधा होईल का?

आहे की! कॅसल्टनची स्पीडवेल गुहा. शंभराहून जास्त पायऱ्या उतरायच्या आणि मग जमिनीखालच्या कालव्यातून होडीने जायचं. हा कालवा 1770च्या दशकात शिशासाठी खोदला. शिसं फारसं हाती लागलं नाही. मॅटलॉक बाथला खाण संग्रहालय आहे, आणि तिथल्या हाइट्स ऑफ अब्राहम या टेकडीवर केबल कारने वर जाऊन जुन्या खाणी बघता येतात.

तासाभराच्या अशा फेरीने बाधा होत नाही. जपायचं ते खाणीबाहेरच्या उघड्या ढिगाऱ्यांवर: तिथली माती हाताला लागते आणि मग तोच हात खाऊच्या डब्यात जातो. साबणाने हात धुवा, बूट घराबाहेर काढा. अशा जमिनीवर चरून गुरं दगावल्याचा अनुभव इथल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे.

ढिगाऱ्यावर चकचकीत राखाडी दगड मिळाला. शिसंच का? घरी नेऊ का?

आकाराच्या मानाने भलताच जड लागतो का? साध्या दगडाच्या जवळजवळ तिप्पट? फुटल्यावर कडा काटकोनात येतात का? मग गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज. त्यात वजनाने साधारण 86 टक्के शिसं असतं. पांढरा आणि जड असेल तर बहुधा बराइट, ते वेगळंच खनिज.

नेऊ मात्र नका. शिसं पचवणारी खास रानफुलं याच ढिगाऱ्यांवर वाढतात, त्यामुळे बरेच ढिगारे संरक्षित आहेत. मालकीचाही प्रश्न असतोच. वर्क्सवर्थ गावात शिशाच्या हक्कांचा निवाडा करणारं बारमोट कोर्ट आजही भरतं, आणि खनिज मोजायचं आठव्या हेन्रीच्या काळातलं कांस्याचं माप तिथे जपून ठेवलंय. फोटो काढा, दगड तिथेच ठेवा.

भारतात असं काही बघता येईल?

उदयपूरजवळचं झावर. शिसं, जस्त आणि चांदीसाठी तिथे दोन हजार वर्षांपूर्वीही खोदकाम चालायचं. जुन्या खोदकामांत शिरायचा विचार सोडा, परिसरात आजही खाणकाम सुरू आहे. पण जस्त गाळायच्या वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी रचून बांधलेल्या भिंती जमिनीवरच बघायला मिळतात, आणि तेवढ्यासाठी जाण्यासारखं आहे. गोव्यातल्या लोहखनिजाच्या बंद खाणींच्या पाण्यात पोहायला मात्र उतरू नका. काठ सरळ तुटलेले असतात, वर चढायला जागा मिळत नाही.

आत अडकलो तर?

आत मोबाइलला रेंज नसते, म्हणून तयारी आधीच करायची. कोणती खाण, किती जण आणि किती वाजेपर्यंत बाहेर, हे बाहेरच्या एका माणसाला लिहून द्या. ती वेळ टळली की त्याने 999 फिरवायचा, पोलीस मागायचे आणि केव्ह रेस्क्यूची गरज आहे असं सांगायचं. पथकातली माणसं स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. आणि बाहेर आलात की पहिला फोन त्या माणसाला. नाहीतर तुम्ही पबमध्ये चिप्स खात बसाल आणि ते बिचारे रात्रभर आत तुम्हाला शोधत फिरतील.