1970 च्या दशकातल्या डर्ट बाईकचे मागचे शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) इतके पुढे सरकवलेले का? ते मूळ जागी न्यावेत का?

माझं मत: शॉकचं पुढे वेल्ड केलेलं माउंट (शॉक जिथे बसतो ती जागा) कापू नका. शॉक पुढे असणं ही कुणाची चूक नाही, त्या काळाची खूण आहे. 1973 मध्ये बेल्जियमच्या लुसियां टिलकेन्स यांच्या कल्पनेवर बनलेल्या मोनोशॉकच्या, म्हणजे मागे एकच शॉक असलेल्या, यामाहावर हाकान अँडरसन 250 सीसी मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला आणि मागच्या चाकाला वर-खाली किती खेळ मिळतो यावर सगळ्यांचं लक्ष गेलं. दोन शॉकवाल्यांकडे एक स्वस्त उपाय होता, शॉकच्या खालच्या टोकाचं माउंट स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावर) पुढे वेल्ड करायचं. जर्मनीच्या मायको कंपनीनेही 1974 मध्ये हेच केलं.

हिशोब बघा. शॉक स्विंगआर्मच्या पुढच्या टोकापासून दोन-तृतीयांश लांबीवर लावला, तर तो 6 सेंमी दबतो तेव्हा चाक 9 सेंमी वर येतं. पण शॉक चाकाच्या आसापाशी असताना होता तोच कडकपणा चाकाला हवा असेल तर स्प्रिंग सव्वादोन पट कडक लागते आणि माउंटवरचा भार दीडपट होतो. शिवाय आतलं तेल तापून पातळ होतं आणि शॉक ढिला पडतो. म्हणून मग पंखेदार बॉडीचे, बाहेर वेगळी टाकी असलेले शॉक आले. फॉक्स कंपनीच्या एअरशॉक्समध्ये तर स्प्रिंगच नव्हती, सगळं वजन हवेवर!

चाकाचा खेळ वाढला की चेनही जास्त सैल-घट्ट होते. तुमच्या गाडीवर स्प्रिंगचा चेन-टेन्शनर असेल तर तो काढू नका. माउंटजवळचा रंग मात्र खरवडून वेल्डला तडे आहेत का ते आधी बघा.